विरघळणारी परांची

उत्तर दिल्लीत, रिजच्या टेकडीवर, हिंदूराव रुग्णालय आहे. रिक्षावाल्याला नुसते 'हिंदूराव' म्हटले तरी तो बरोबर दारात आणून सोडतो. दिल्ली महापालिकेच्या या सर्वांत मोठ्या रुग्णालयाला एका मराठी माणसाचे नाव आहे, हे तिथे जाणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असते. हिंदूराव हे कागलच्या घाटग्यांपैकी, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे भाऊ. विल्यम फ्रेझर या ब्रिटिश अधिकाऱ्याचा १८३५ मध्ये खून झाला आणि त्यानंतर टेकडीवरची त्याची कोठी हिंदूरावांकडे आली. १८५७ च्या वेढ्यात मेजर रीडची गुरखा पलटण या कोठीत ठाण मांडून होती आणि तोफांचा मारा तिने महिनोन्‌महिने सोसला. मालक तोवर वारले होते, पण नाव राहिले. पुढे तेच रुग्णालयाला मिळाले.

याच टेकडीवर, रुग्णालयाजवळच, अशोकाचा एक स्तंभ उभा आहे. तो मूळचा मेरठचा. फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात तो दिल्लीला आणून आपल्या शिकारी महालाजवळ उभा केला. फर्रुखसियरच्या कारकिर्दीत, म्हणजे १७१३ ते १७१९ च्या दरम्यान, दारूगोळ्याचा स्फोट होऊन तो कोसळला आणि त्याचे पाच तुकडे झाले. पुढची दीडशे वर्षे ते तुकडे तसेच होते. लेख कोरलेला भाग मध्यंतरी कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत जाऊन आला. अखेर १८६७ मध्ये सगळे तुकडे जोडून स्तंभ पुन्हा उभा केला गेला. आजही जवळ जाऊन पाहिले की सांधे स्पष्ट दिसतात.

स्तंभापासून हाकेच्या अंतरावर रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात मोडलेली हाडे जोडली जातात. तिथला सांधा वेगळ्या जातीचा असतो. हाड नीट बसवले, हलू दिले नाही, की बाकीचे काम ते स्वतः करते. लहान मुलाचा हात मोडला असेल तर वर्ष-दोन वर्षांनी काढलेल्या एक्स-रेवर मोड कुठे होता हे पुष्कळदा दाखवता येत नाही. कातडीची जखम भरली तरी व्रण उरतो. हाड मात्र व्रण न ठेवता, होते तसेच नवे हाड घालून भरून येते. शरीरातल्या फार थोड्या अवयवांना ही कला साधली आहे. या प्रस्तावनेचा विषय त्या कलेला हात देण्याचा आहे: हाड जिथे स्वतःच्या बळावर भरून येऊ शकत नाही, तिथे त्याला तात्पुरता आधार कसा द्यायचा आणि तो आधार घडवायला निसर्गाकडून काय शिकायचे.

हाड म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायला एक जुना घरगुती प्रयोग पुरतो. कोंबडीच्या तंगडीचे हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले की ते रबरासारखे वाकते; आम्लाने त्यातले खनिज काढून नेलेले असते. तेच हाड विस्तवात भाजले तर त्याचा आकार टिकतो, पण बोटाने दाबताच भुगा होतो. आता त्यातले प्रथिन जळून गेलेले असते. वजनाने पाहिले तर हाडाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खनिजाचा. हे खनिज म्हणजे हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट, कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचा एक स्फटिक. उरलेल्या भागात मुख्यतः कोलॅजन हे चिवट प्रथिन आणि पाणी. खनिज दाब सोसते, कोलॅजन ताण सोसते. दोन्ही एकमेकांत इतके बारीक विणलेले असतात की एकाला बाजूला काढले की दुसरे निकामी होते.

शिवाय हाड स्थिर नसते. जुने हाड कुरतडणाऱ्या आणि नवे हाड घालणाऱ्या, अशा दोन प्रकारच्या पेशी त्यात आयुष्यभर काम करत असतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी असा नव्याने घडतो. कुठे किती घडायचे, हे भार ठरवतो. १८६६ मध्ये झुरिचच्या कार्ल कुलमान या अभियंत्याने शरीररचनाशास्त्रज्ञ हेर्मान फॉन मेयर यांच्याकडचा मांडीच्या हाडाचा उभा छेद पाहिला. आतल्या जाळीच्या रेषा त्याने आखलेल्या यारीतल्या ताण-दाबाच्या रेषांसारख्याच धावत होत्या. पुढे यूलियुस वोल्फ यांनी १८९२ च्या ग्रंथात या निरीक्षणाला नियमाचे रूप दिले: हाडावर जसा भार पडतो तशी त्याची घडण बदलते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची हाडे झिजतात आणि ओझी वाहणाऱ्याची जाड होतात, ती याच नियमाने.

मग अडते कुठे?

अडते ते हाडाचा तुकडाच नाहीसा होतो तिथे. २०२२ या एका वर्षात भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. जखमींमध्ये असे कितीतरी असतात की नडगीचे हाड फुटून त्याचे तुकडे रस्त्यावरच राहतात, किंवा उघड्या जखमेतून जंतू शिरून हाड कुजते आणि शल्यविशारदाला ते काढून टाकावे लागते. हाडाच्या कर्करोगातही असेच होते: गाठ काढायची तर भोवतीचे हाडही काढावे लागते. दोन टोकांमधले अंतर एका मर्यादेपलीकडे गेले की पेशी ते ओलांडू शकत नाहीत. मधली जागा तंतूंनी भरते आणि हाड 'धरत' नाही. रॉड टाकलेला असतो, प्लेट लावलेली असते, महिने उलटतात, आणि पाय मात्र भार घेत नाही. ज्याचे पोट रोजंदारीवर आहे त्याच्या घरात अशा पायाचा अर्थ काय होतो, हे सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात तासभर बसणाऱ्याला सांगावे लागत नाही.

अशा ठिकाणी सर्वांत भरवशाचा उपाय आजही रुग्णाचेच हाड हा आहे. कमरेच्या हाडाच्या कडेवरून तुकडे काढून ते पोकळीत भरतात. त्यात जिवंत पेशी असतात, वाढीचे संदेश देणारी प्रथिने असतात आणि शरीर त्याला परके मानत नाही. पण त्यासाठी दुसरी जखम करावी लागते, ती बरेच दिवस दुखते, आणि कमरेवरून काढता येण्याजोगे हाड थोडेच असते. मुलांमध्ये तर फारच थोडे.

दुसऱ्याचे हाड वापरण्याची कल्पना जुनी आहे. १६६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या योब फान मेकेरेन या डच शल्यविशारदाच्या ग्रंथात एका रशियन सरदाराची हकिकत आहे. त्याच्या कवटीतली खाच कुत्र्याच्या कवटीच्या तुकड्याने बुजवली गेली. चर्चने त्याला बहिष्कृत केले, तेव्हा त्याने तो तुकडा काढून टाकण्याची विनंती केली. पण तोवर हाड पक्के धरले होते. आधुनिक काळात या उपायाला शिस्त आली ती ऊतिपेढ्यांमुळे. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९८८ मध्ये ऊतिपेढी सुरू केली आणि अ‍ॅस्ट्रिड लोबो गाजीवाला यांनी ती दीर्घकाळ सांभाळली. दात्यांकडून मिळालेले हाड स्वच्छ करायचे, गोठवून कोरडे करायचे, आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करायचे, ही तिथली रीत. तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्राचा आयसोमेड हा किरणन प्रकल्प १९७४ पासून वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करत होता. त्याची या कामी मोठी मदत झाली. पण पेढीत जमा कमी आणि मागणी मोठी, हा सगळ्या ऊतिपेढ्यांचा अनुभव आहे.

म्हणून तिसरा मार्ग: हाड बाहेरून आणून बसवायचे नाही, तर हाडाला वाढायला जागा तयार करून द्यायची. इंग्रजीत या साहित्याला स्कॅफोल्ड म्हणतात. मराठीत त्याला परांची म्हणणे योग्य ठरेल, कारण गवंड्याच्या परांचीचा धर्म यालाही लागू आहे. इमारत वर चढेपर्यंत परांचीने माणसांचा आणि मालाचा भार घ्यायचा, आणि काम झाले की उतरायचे. हाडातली परांची उतरवायला कोणी येत नाही. तिने स्वतःच विरघळून जायचे असते. ती लवकर विरघळली तर नवे हाड कोवळे असतानाच कोसळते. फार काळ राहिली तर नव्या हाडावर भार येत नाही, आणि भाराविना हाड बळकट होत नाही. वोल्फ यांचा नियम इथेही सुटका देत नाही. १९९३ मध्ये रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हकांटी यांनी 'सायन्स' या नियतकालिकात ऊति-अभियांत्रिकीची मांडणी केली, तेव्हापासून या वेळेच्या गणितावर जगभर काम चालू आहे.

दुसरे गणित छिद्रांचे. परांचीत पेशींना शिरायला आणि त्यांच्या मागोमाग रक्तवाहिन्यांना वाढायला वाट हवी. शंभर मायक्रॉनपेक्षा, म्हणजे ढोबळमानाने केसाच्या जाडीपेक्षा, बारीक छिद्रांत हाड नीट वाढत नाही. तीनशेच्या वरची छिद्रे रक्तवाहिन्यांना अधिक मानवतात. शिवाय ती एकमेकांना जोडलेली हवीत. बंद खोल्यांची इमारत इथे उपयोगाची नाही. आणि इतकी छिद्रे पाडूनही भार पेलण्याची ताकद उरायला हवी. पोकळही हवे आणि बळकटही: भट्टीतून निघणाऱ्या साध्या सिरॅमिकला हे जमत नाही. निसर्ग मात्र कोट्यवधी वर्षे हेच करत आला आहे.

पहिले लक्ष गेले ते प्रवाळाकडे. प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा आणि आरपार सच्छिद्र असतो; काही जातींतली छिद्रे थेट हाडाच्या जाळीच्या मापाची भरतात. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात डेला रॉय आणि लिनेहान यांनी १९७४ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिले की फॉस्फेटच्या द्रावणात, बंद भांड्यात, उष्णता आणि दाब दिला की प्रवाळातला कार्बोनेट जाऊन तिथे फॉस्फेट येते आणि हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट तयार होते. रचना मात्र प्रवाळाचीच राहते. घराचा आराखडा तोच ठेवून भिंतींची वीट न्‌ वीट बदलावी, तसा हा प्रकार. या पद्धतीने तयार केलेले साहित्य नव्वदच्या दशकात अमेरिकेत शस्त्रक्रियांसाठी मान्य झाले.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यालाही प्रवाळ आहे: मालवणच्या समुद्रात आहे, आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला भर समुद्रात, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँकेवर आहे. ते तोडून हाडे भरावीत असे कोणी सुचवू नये. प्रवाळ फार हळू वाढते, समुद्र तापू लागल्याने आधीच मरते आहे, आणि २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला वाघाच्या बरोबरीचे संरक्षण आहे. प्रवाळाने विज्ञानाला धडा दिला. कच्चा माल दुसरीकडून घ्यायला हवा.

तो कोकणच्या वाळूत पडलेला सापडतो. म्हाकुळाच्या भाईबंदांपैकी कटलफिश मेला की त्याच्या पाठीतले पांढरे, होडीच्या आकाराचे कवच लाटांबरोबर किनाऱ्याला लागते. आयुर्वेदात ते समुद्रफेन म्हणून प्रसिद्ध आहे; काष्ठौषधींच्या दुकानात मिळते आणि पिंजऱ्यातल्या पोपटांना चोच घासायलाही टांगतात. हातात घेतले तर खडूपेक्षा हलके लागते, कारण त्याचा सुमारे नव्वद टक्के भाग पोकळ असतो. आत पातळ पडद्यांचे एकावर एक मजले, आणि दोन मजल्यांच्या मध्ये नागमोडी खांबांच्या ओळी. मजल्याची उंची मिलिमीटरच्या काही दशांश, म्हणजे हाडाच्या पेशींना सोयीची. हा प्राणी त्या पोकळ्यांत वायू आणि द्रव कमी-जास्त करून पाण्यात वर-खाली होतो. खोल पाण्याचा दाब सोसून हलके राहणे ही त्याची गरज होती, आणि नेमके तेच गुण परांचीला हवे आहेत. पोर्तुगालमधल्या अवेरोच्या संशोधकांनी २००५ मध्ये सुमारे २०० अंश सेल्सिअसला प्रवाळाचीच युक्ती समुद्रफेनावर केली आणि मजले-खांब न मोडता त्याचे हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट केले. मासळी साफ करताना फेकून दिले जाणारे हे कवच आहे. त्यासाठी समुद्राचे काही तोडावे लागत नाही. अंड्याच्या टरफलाचेही तसेच: त्यातही नव्वद टक्क्यांहून अधिक कॅल्शियम कार्बोनेट असते आणि त्यापासूनही हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट बनवता येते. त्याला समुद्रफेनासारखी तयार रचना मात्र नसते.

जंगलानेही एक नमुना दिला आहे, तो वेताचा. वेत आडवा कापला की त्यात उभ्या धावणाऱ्या नळ्या दिसतात. लांब हाडांतही रक्तवाहिन्यांसाठी अशाच उभ्या वाटा असतात. सिरॅमिकच्या भांड्यांसाठी शतकानुशतके गाजलेल्या इटलीतल्या फाएन्झा या गावी अ‍ॅना ताम्पिएरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये वेताचे हाडात रूपांतर करण्याची कृती प्रसिद्ध केली. आधी वेत हवेविना तापवून त्याचा कोळसा करायचा, मग टप्प्याटप्प्याने त्यात कॅल्शियम, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि शेवटी फॉस्फेट आणायचे. हाती येतो तो हाडाच्या खनिजाचा तुकडा, पण आतल्या नळ्या वेताच्याच.

खनिजाची एक खोड आहे: ते ठिसूळ असते. हाडात ही उणीव कोलॅजन भरून काढते. परांचीत ती रेशमाने भरून काढता येते. रेशमाच्या धाग्यावरचा सेरिसिन हा डिंकासारखा थर काढून टाकला की आतले फायब्रॉइन उरते. ते चिवट असते, शरीर ते सहसा नाकारत नाही, आणि ते सावकाश विरघळते. टाके घालायला रेशीम वैद्यांना पूर्वीपासून माहीत होतेच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अनुया निसळ आणि सहकाऱ्यांनी फायब्रॉइनचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटवून दाबाला टिकणारी, हळू विरघळणारी परांची तयार केली. हे काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. याच कामातून पुण्यात सेरिजेन ही कंपनी उभी राहिली आणि रेशमापासून हाडातली पोकळी भरणारे साहित्य बनवण्याच्या मागे लागली. दिल्लीच्या आयआयटीत सौरभ घोष यांनी रेशमाच्या परांचीवर प्रदीर्घ काम केले आहे, तेही वस्त्र-अभियांत्रिकी विभागात बसून. विणकरांचे शास्त्र आणि हाडांचे शास्त्र इथे एका मेजावर आले.

टसरची गोष्ट विदर्भाला विशेष जवळची वाटेल. भंडारा-गडचिरोलीच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर समाजाची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या टसरचे कोष वाढवत आली आहेत. या रानटी रेशमाच्या फायब्रॉइनमध्ये तीन अमिनो आम्लांची एक अशी जोडणी असते की पेशी तिला घट्ट धरतात. तुतीवरच्या रेशमात ती नसते. खरगपूरच्या आयआयटीत सुभाष कुंडू यांच्या प्रयोगशाळेने या रेशमाचा वैद्यकीय उपयोग अनेक वर्षे तपासला.

निसर्गाकडून वस्तू घेणे ही पहिली पायरी. त्याची रीत उचलणे ही दुसरी. समुद्राचे पाणी गोठते तेव्हा बर्फाचे स्फटिक मीठ आणि गाळ बाजूला ढकलतात. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या संशोधकांनी २००६ मध्ये सिरॅमिकची पेज याच रीतीने गोठवली, बर्फ उडवून लावला, आणि शिंपल्यातल्या मोत्याच्या थरांसारखे थर मिळवले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गुरुस्वामी कुमारस्वामी यांच्या गटाने बर्फाच्या साच्यातून दाबल्यावर पुन्हा उभ्या राहणाऱ्या, स्पंजासारख्या परांच्या काढल्या. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत सिरॅमिकच्या परांच्या शेळ्यांच्या मांडीच्या हाडात बसवून तपासल्या गेल्या. देशात हे काम थोडे नाही, आणि आजचे नाही.

पण या विषयात उतावळेपणाला जागा नाही. हाड वाढवणाऱ्या प्रथिनांचा शोध मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये लावला. त्यांतले एक २००२ मध्ये अमेरिकेत मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी मान्य झाले. आणि २००८ मध्ये तिथल्या नियामक संस्थेला इशारा द्यावा लागला की मानेत ते वापरल्यास जीवघेणी सूज येऊ शकते. परांचीच्या बाबतीतही प्रयोगशाळेतली ताटली, ससा, शेळी आणि माणूस या चार पायऱ्यांमध्ये मोठे अंतर आहे. बोटभर पोकळीत जे जमते ते वीतभर पोकळीत रक्तवाहिन्या वेळेवर न पोहोचल्याने फसते. जंतूंनी बरबटलेल्या जखमेत तर सगळीच गणिते बदलतात. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली या साहित्याला कठोर तपासणीतून जावे लागते, आणि ते योग्यच आहे.

पुढील प्रकरणे या विषयाची एकेक बाजू उलगडतात. त्या सर्वांमागे एकच कसोटी आहे आणि ती प्रयोगशाळेबाहेरची आहे. समुद्रफेन, टरफल, वेत, रेशीम यांतले काहीही दुर्मीळ नाही. तरीही त्यांपासून बनलेली परांची महागड्या रुग्णालयापुरतीच राहिली, तर काम अर्धे झाले असे म्हणावे लागेल. हिंदूरावसारख्या महापालिकेच्या रुग्णालयातल्या जनरल वॉर्डात, अपघातात नडगीचा तुकडा गमावलेल्या मजुराच्या पायात ती बसेल आणि तो पुन्हा ओझे उचलेल, तेव्हा ते पुरे होईल.

वाचकाला एक विनंती. पुढे वाचायला घेण्याआधी काष्ठौषधींच्या दुकानातून समुद्रफेनाचा एक तुकडा आणावा. तो हाताने मोडावा आणि मोडलेली कड भिंगाखाली धरावी. मजले दिसतील, त्यांच्यामधले खांबही दिसतील. तो तुकडा वाचताना जवळ ठेवावा. पुढची पाने त्याच्याविषयीच आहेत.